संस्थान आणि इंग्रजी यांच्यामधला ओढा

प्रवासात शेजारचा माणूस विचारतो, "आपण काय करता?" इतकी वर्षं मी एकच उत्तर देत आलो, "रस्ते." त्यावर बहुतेकांचं बोलणं संपतं. धरण म्हटलं असतं तर माणूस सरसावून बसला असता, पूल म्हटलं असतं तरी दोन प्रश्न आले असते. रस्ता काय, तो असतोच, अशी लोकांची समजूत असते.

रस्ता नसतो. तो करावा लागतो, आणि करायच्या आधी चालावा लागतो. गावातलं एखादं जाणतं माणूस बरोबर घ्यायचं आणि जिथून रस्ता न्यायचा तिथून पायी फिरायचं. पावसाळ्यात पाणी कुठून उतरतं, बैलगाडी कुठे रुतते, बाजाराला जाणाऱ्या बाया डोक्यावरची पाटी कोणत्या झाडाखाली उतरवतात, हे नकाशात नसतं. मग खुंट्या ठोकून दोरी ताणायची आणि दोरीवरून चुन्याची फक्की टाकत जायचं. ही आखणी. त्यावर मातीचा भराव, मोठा दगड, खडी, मुरूम आणि शेवटी हे सगळं दाबायला रूळ. या सगळ्यांत एक जिन्नस बाहेरच्या माणसाच्या ध्यानातच येत नाही. तो म्हणजे पाणी. खडी आणि मुरूम पाणी पिऊनच एकमेकांना धरतात. कोरडा रस्ता म्हणजे नुसता पसरून ठेवलेला दगड.

चुन्याशी माझं नातं जुनं. माझे वडील कोरेगावकडच्या एका लहान बाजारगावात चुन्याच्या घाणीवर बैल हाकायचे. नगरपालिकेच्या शाळेतल्या गुरुजींनी माझं गणित पाहून मला वसतिगृहात धाडलं, आणि वसतिगृहानं मला सांगलीला इंजिनिअरिंगच्या वर्गात नेऊन बसवलं. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेला मी पहिला. या दोन दारांपैकी एक जरी बंद असतं तर मीही घाणीवर बैल हाकले असते. वडील एकदा माझ्या कामावर आले होते. मी दोरीवरून फक्की टाकतोय हे पाहून म्हणाले, "एवढं शिकून चुना हातातच ऱ्हायला म्हणायचा!" पण घरी गेल्यावर सगळ्या आळीला सांगत होते की पोरानं आखली तशी सरळ रेघ मी जन्मात पाहिली न्हाई.

माझी पहिली नेमणूक महाबळेश्वरला झाली. एकोणीसशे सत्तर साल नुकतंच लागलं होतं. तिथले रस्ते पाहून मी हरखलो. वळणं कशी निवांत, गटारं कशी दगडी. अशा त्या गावात एक गंमत होती. एका जुन्या बंगल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं दरवर्षी पाऊस संपला की तांबड्या मऊ मातीचा एक पट्टा अंथरायचा रिवाज होता. त्यावरून गाडी जात नव्हती, माणूस चालत नव्हतं. मी टोळीच्या म्हाताऱ्या मुकादमाला विचारलं, "हा पट्टा कशाला?"

"घोड्याला."

"कुणाच्या घोड्याला?"

"सायबाच्या. खडीवर टाप दुकती त्याची."

"अहो, साहेब जाऊन किती वर्षं झाली!"

मुकादम शांतपणे म्हणाला, "सायेब गेला, पर माती टाकू नगा आसं कुटं सांगून गेलाय?"

त्या वर्षी आम्ही ती माती खालच्या वाडीच्या पायवाटेला नेऊन टाकली. मुकादमाला काही दिवस चुकल्यासारखं वाटत होतं. मग वाडीतल्या बाया त्याला दुवा देऊ लागल्या आणि तो सांगू लागला की ही कल्पना त्याचीच.

इंग्रजांनी रस्ते केले असं आम्हाला शाळेत शिकवत, आणि ते खोटं नाही. पण रस्त्याच्या धंद्यातल्या माणसाची नजर रस्ता कुठे संपतो तिकडे जाते. त्यांचे रस्ते बंगल्यापाशी, छावणीपाशी, रेल्वेच्या धक्क्यापाशी संपत. आमच्या पूर्वेच्या कोरड्या मुलखाकडे, म्हसवडच्याही पलीकडे, त्यांना न्यायचं असं काही नव्हतं. तिकडे त्यांनी रस्त्यांऐवजी दुसरंच काही करून ठेवलं होतं, ते मला माझी बदली तिकडे झाल्यावर समजलं.

आपल्या सातारा-सांगली भागाचे त्यांनी तुकडे पाडले होते. काही गावं थेट त्यांच्या अमलाखाली, काही संस्थानिकांकडे. आणि संस्थानिकांवर नजर पुन्हा त्यांचीच. हे तुकडे सलगसुद्धा नव्हते, गोधडीला ठिगळं असावीत तसे. एका शिवारातली बांधाला बांध लागलेली दोन गावं दोन राज्यांत. लोकांच्या तोंडी पहिल्याला नाव 'इंग्रजी' आणि दुसऱ्याला 'संस्थान'. स्वातंत्र्य आलं, संस्थानं विलीन झाली, जिल्हे आखले गेले, आणि जिथे जुनी रेघ होती तिथेच बऱ्याच ठिकाणी जिल्ह्याची नवी रेघ आली. मी गेलो तेव्हाही त्या भागातली माणसं सहज बोलून जायची, "त्यो न्हवं, त्यो इंग्रजीतला हाय." ऐकून मला राग यायचा.

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि आम्हा रस्तेवाल्यांच्या हाती एकदम हजारो माणसं आली. ज्यांची शेतं जळाली ती सगळी खडी फोडायला आली. जमीनवाले पाटील आणि त्यांच्याकडे राबणारे गडी एकाच ढिगाशी बसून हातोडा मारत होते. माझ्याकडे होतं बोरगेवाडीचं काम. बोरगेवाडी हे सातारा जिल्ह्याचं त्या बाजूचं शेवटचं गाव, म्हणजे इंग्रजीतलं. त्याच्यापुढे एक ओढा. ओढ्यापलीकडे हाकेच्या अंतरावर ढवळगाव, सांगली जिल्ह्यातलं पहिलं, म्हणजे संस्थानातलं. ढवळगावात बहुतेक मेंढपाळ, आता शेतीही करणारे. ढवळगावचा रस्ता पलीकडून ओढ्यापर्यंत आला होता, माझा अलीकडून. दोन्ही मंजुऱ्या आपापल्या हद्दीपर्यंतच्या. मधला ओढा कुणाच्याच वाट्याला आला नव्हता.

बोरगेवाडीच्या खडी फोडणाऱ्या बायांची मुकादम होती तुळसाआत्या. पन्नाशीची, विधवा, उंच, आवाज असा की ढिगाच्या दुसऱ्या टोकाला हातोडे थांबायचे. पहिल्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "वरसेर तुमीच व्हय? मला वाटलं, तुमी नुसतं म्होरं आलाय आन् मागनं कुणी मोटं मानूस येतंय." ओव्हरसिअरचं तिकडे 'वरसेर' होतं. बाया खिदळल्या. मी टोपी नीट करून फक्की टाकायला लागलो. दुपारी तिनं न विचारता माझ्यापुढे भाकरी ठेवली, आणि त्या दिवसापासून माझं जेवण बायांच्या ढिगाशी होऊ लागलं.

बोरगेवाडीच्या विहिरी संक्रांतीआधीच आटल्या. सरकारी ट्रकवर लोखंडी टाकी बसवून पाणी द्यायची सोय झाली होती, पण पाणी होतं ढवळगावच्या विहिरीत. ओढ्यात उतरायला ट्रकला वाट नव्हती आणि म्हसवडकडून वळसा घातला तर एक खेप व्हायला दिवस जायचा. बायका ओढ्यातून चढउतार करून डोक्यावर पाणी आणत. ढवळगावचं भरून झालं की मग त्यांची पाळी. माणसांना पुरत होतं, गुरांना नाही. गावानं देवळात बसून ठरवलं की पाडव्याच्या आत टाकीचा ट्रक गावात आला नाही तर घरांना कड्या घालायच्या, गुरं हाकायची आणि पश्चिमेकडे उसाच्या मुलखात जायचं. असं गेलेलं गाव सगळं परत येत नाही, हे तिथलं लहान मूलही जाणून होतं.

मी ओढा वर-खाली चालून पाहिला. दोन्ही काठ उभे तुटलेले. पूल बांधायचा तर वर्ष जाईल. एकाच जागी दोन्हीकडून खडकाचा उतार खाली येत होता. तिथे नुसती दगडी फरशी टाकली की ट्रक पार. आणि नेमका तिथेच, उताराच्या तोंडाशी, शेंदरानं माखलेला एक कमरेएवढा दगड उभा होता. त्याच्या अंगावर भंडारा, पायाशी नारळाच्या करवंट्या. हा शिवेचा देव. त्याला ओलांडून गाडी न्यायची नाही. लग्नाचं वऱ्हाड न्यायचं नाही. दोन गावांत सोयरीकही करायची नाही. बोरगेवाडीच्या पोरांना लहानपणी दम द्यायचे तो असा : देवापल्याड गेलास तर शिपाई धरतील!

मी देवाजवळ बसून निरखून पाहिलं. शेंदराचे थर चांगले जाड होते, तरी दगडाच्या कडा लपत नव्हत्या. तो छिन्नीनं घडवलेला, चारी बाजूंनी चौकोनी. असे दगड मी सर्व्हेच्या वर्गात शिकलो होतो. इंग्रजांनी मोजणी केली तेव्हा हद्दीवर पुरलेला तो दगड होता. मला इतका आनंद झाला की मी धावतच कामावर गेलो आणि सगळ्या टोळीला सांगितलं, "अहो, हा देव नाहीच! हा इंग्रजांनी पुरलेला हद्दीचा दगड आहे!"

मला वाटलं होतं, लोक चकित होतील. तुळसाआत्या हातोडा न थांबवता म्हणाली, "आसंल की. मानूस जन्मतो तवा कुटं देव आसतो? कवातरी हुतो."

दुसरी म्हणाली, "आन् पुरला आसंल इंग्रजानं. शेंदूर काय इंग्रजानं लावलाय?"

माझ्या वरचे एक साहेब पाहणीला आले. त्यांनी सरळ मार्ग सांगितला. पहाटे सुरुंग लावून मोकळं व्हा. सकाळी लोक चार दिवस ओरडतील आणि मग पाणी प्यायला लागतील. साहेब वाईट नव्हते. बोरगेवाडीची गुरं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. पण मला ते जमेना. मी म्हणालो, "साहेब, विचारल्याशिवाय रेघ मारून निघून जाणारे एक होऊन गेले. आपण विचारून बघू." ते म्हणाले, "पाडव्यापर्यंत विचारा." पलीकडच्या कामावर सांगलीच्या कॉलेजातला माझ्याच वर्गातला मित्र होता. त्यानं कळवलं की त्याच्या बाजूचा अर्धा ओढा मंजूर करून घेण्याचं तो बघतो, मी माझ्या बाजूचा बघावा. कागद दोन्हीकडे हलले. दगड हलेना.

देवाची पूजा ढवळगावच्या बिरूआण्णांच्या घराण्याकडे. सत्तरीचे, घोंगडं खांद्यावर, बोलणं कमी. मी तीनदा त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. दर वेळी त्यांनी मला ताक दिलं आणि एवढंच म्हणाले, "त्यो राकणीचा देव हाय, सायेब. राकणीच्या देवाला उटवत न्हाईत."

ढवळगावातली बाकीची माणसं जास्त स्पष्ट बोलत. एक जण म्हणाला, "टाकी न्हेऊन न्हेऊन हीर कोरडी करतील ती इंग्रजीतली. आमचं कुरन खाल्लंच की त्यांनी. आता पानी बी द्या?"

कुरणाचा हा विषय मला नवा होता. बोरगेवाडीच्या बाजूला ओढ्यालगत एक मोठं गायरान होतं, त्याला सगळे 'साहेबाचं कुरण' म्हणत. मी तुळसाआत्याला विचारलं तर ती म्हणाली, "ते पयल्यापास्नं आमचंच." ढवळगाव म्हणे, पहिल्यापासून त्यांचंच.

अमावस्येला देवाला तेल घालायला दोन्हीकडची माणसं ओढ्यात यायची, एकत्र येण्याचा हा एकच दिवस. फाल्गुनातली ती अमावस्या म्हणजे पाडव्याचा आदला दिवस. त्याच्या पुढे मुदत नव्हती. मी सकाळीच जाऊन खडकावर बसलो. बोरगेवाडीचं जवळजवळ सगळं गाव आलं होतं. काही घरांच्या बैलगाड्या भरूनही झाल्या होत्या. देवाच्या अलीकडे ते, पलीकडे ढवळगाव.

सुरुवात टोमण्यांनीच झाली. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "आली बगा इंग्रजांची रयत!"

अलीकडून उत्तर गेलं, "तुमी तरी कोन? राजाची मेंढरं! राजा सायबाम्होरं हात जोडतोय आन् तुमी राजाम्होरं!"

मी उभा राहून पाण्याचा हिशेब सांगू लागलो, तेवढ्यात तुळसाआत्यानं मला हातानंच खाली बसवलं. ती देवापाशी गेली, बिरूआण्णांसमोर उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"आण्णा, बेचाळिसात आमच्या मालकांच्या मागं पोलीस लागलं, तवा ते कुटं व्हतं?"

बिरूआण्णांनी घोंगडं खांद्यावर सारखं केलं.

"सांगा की समद्यांम्होरं. तुमच्या वाघरीत व्हतं. मेंढरांच्या जाळीत, मेंढरांच्या मधी, घोंगडं पांगरून. पोलीस ह्या दगडापत्तूर आलं आन् थांबलं. पल्याड संस्थान. पल्याड जायाला त्यांना परवानगी लागत व्हती. त्या दिसात मी ह्या देवाला रोज दिवा लावला. पर मला ठावं व्हतं, मालकांना देवानं राकलं न्हाई. तुमी राकलं. तवा तुमी इचारलं न्हाई, मानूस इंग्रजीतलं का संस्थानातलं. आता पानी देताना इचारताय व्हय?"

बिरूआण्णा खाली बसले. त्यांनी घोंगडं मांडीवर घेतलं. मग इतक्या हळू बोलले की मागची माणसं पुढे सरकली.

"ह्यो देव कुनी बसवला, ते सांगायचं न्हाई आसं आमच्या घरात हाय. बसवणाऱ्यानं बोलायचं नसतं. पर आता समदं गाव उटून चाललंय. तवा बोलतो."

त्यांच्या आजाच्या वेळची गोष्ट. एक गोरा साहेब साखळी घेऊन मोजणीला आला आणि गड्यांना वेठीला धरून त्यानं हा दगड पुरून घेतला. पुढच्या साली येऊन दगड उपटला आणि पलीकडे संस्थानात सरकवला. त्याच्या पुढच्या साली आणखी सरकवला. दर वेळी थोडं कुरण इंग्रजीत जाई. संस्थानात फिर्याद नेली, तर तिथल्या कारभाऱ्यांनी सांगितलं की साहेबाशी वाद घालायची आपली ऐपत नाही.

"आता दगड हिरीपत्तूर येनार, हे आमच्या आज्यानं वळखलं. तवा त्यानं एका सकाळी दगडाला शेंदूर फासला. बोकड कापला. भंडारा उधळला. ढोल लावलं. साखळी घिऊन सायेब आला, तर हितं ही जत्रा! सायेब लांबनंच बगून गेला. त्यांला म्हाईत व्हतं, ह्यांचा देव हलवला की ही मानसं पेटत्यात. परत काय आला न्हाई." बिरूआण्णांनी दगडाकडे पाहिलं. "आसा ह्यो देव हाय. सायबाला थांबवाया बसवला. तेवडंच त्याचं काम व्हतं."

मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली. इंग्रजांशी आपण कसं लढलो यावर तर फारच. एका मेंढपाळानं मूठभर शेंदरात साम्राज्याची साखळी अडवली, आणि त्याचा गवगवा न करता घरातल्या घरात ठेवला, हे मी त्या ओढ्यात ऐकलं. माझी मान ताठ झाली. मी त्या माणसांचा कुणीच नव्हतो, तरी झाली.

बोरगेवाडीचे एक म्हातारे पुढे आले. "म्हंजी कुरन तुमचं व्हतं म्हना की, आण्णा."

"आमचं कशाचं? आदी कुरन बी एकच व्हतं आन् हीर बी एकच. मेंढरं तिकडं चरायची, तुमची गुरं हिकडं पानी प्यायची. सायबानं रेघ मारली. कुरन तुमच्यात गेलं, हीर आमच्यात ऱ्हायली. सायेब थांबला, पर आपून समदी बी हितंच थांबलो की रं!"

"मग आता?" तुळसाआत्यानं विचारलं.

कुरण खाल्लं म्हणणारा ढवळगावातला तो कुरणवाला लगेच म्हणाला, "मग आता काय? हिरीचं काय? आटली तर?"

त्याचं भय खरं होतं आणि मी ते खोडून काढू शकत नव्हतो. मी विहिरीत उतरून पाहिलं होतं. झरा जिवंत होता, पण वर्षानुवर्षांच्या गाळानं दबलेला. दोन्ही गावांना आणि ट्रकला ती पुरेल असं मी छातीठोक सांगितलं नाही. जे पाहिलं होतं तेवढंच सांगितलं.

बिरूआण्णा उठले. "देव राकणीचा हाय. शीव राकायचं काम संपलं. आता हीर राकंल. हिरीच्या काटावर बसवू. त्याच्याम्होरं कोन जास्त पानी न्हेतोय बगू."

दगड काढायला दोन्ही गावांचे गडी लागले. पहार कुणी आधी लावायची यावरून पुन्हा थोडी बाचाबाची झाली, शेवटी दोन पहारी दोन बाजूंनी एकदम लागल्या. ढोल वाजत होते. दगड जमिनीत खोल गेलेला होता. वर दिसत होता त्याच्यापेक्षा आत जास्त. तो मोकळा झाला तेव्हा मी खड्ड्यात वाकून पाहिलं. खाली नुसती मुरमाड जमीन होती, अलीकडे जशी तशीच पलीकडे.

दुसऱ्या दिवशी पाडवा. भरलेल्या बैलगाड्या उलट्या वळल्या, रिकाम्या झाल्या आणि त्यांतून ओढ्यात दगड येऊ लागला. गाव उठायचं थांबलं होतं, पण ट्रक अजून आला नव्हता. फरशी म्हणजे फार मोठं काम नव्हे. ओढ्याच्या तळाला मोठे दगड घट्ट बसवायचे, सांधे भरायचे, दोन्ही बाजूंचे उतार ट्रकला झेपतील असे करायचे. पण ते काम करताना एक अडचण आली जी मला कुठल्या पुस्तकानं सांगितली नव्हती. सांध्यांचा चुना भिजवायला आणि उताराचा मुरूम बसवायला पाणी हवं. पिण्याचं पाणी रस्त्याला कसं मागायचं? मी दोन दिवस कोरडाच मुरूम पसरत राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी ढवळगावच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन उतारावर आल्या. पुढे कुरणवाल्याची बायको होती. तिनं हंडा माझ्या मुरमावर ओतला आणि म्हणाली, "मालकांनी धाडलंय. म्हनलं, रस्ता तान्हेला दिसतोय." मी आजवर केलेल्या सगळ्या रस्त्यांत सर्वांत महाग पाणी त्या उतारानं प्यालं, आणि तो उतार पुढे कितीतरी पावसाळे जागचा हलला नाही.

ट्रक पहिल्यांदा गेला त्या दिवशी मी फरशीवर उभा होतो. ढवळगावच्या विहिरीवर भरून, दुसऱ्या गिअरमध्ये, टाकीतलं पाणी डचमळवत, तो खाली उतरला. मागची चाकं फरशीवर आली तेव्हा मी वाकून सांधे पाहत होतो. दगड एकसुद्धा कुरकुरला नाही. ट्रक वर चढला आणि बोरगेवाडीकडे धुरळ्यात गेला. तिकडून गलका ऐकू आला. गुरांचं हंबरणंही आलं. तहानलेल्या जनावराला पाण्याचा वास लांबून येतो.

बिरूआण्णा आणि मी विहिरीशी, काठावर बसवलेल्या देवाजवळ, ट्रकची वाट पाहत बसलो. पुढची खेप भरायची होती. बराच वेळ झाला तरी तो येईना. कुरणवाला म्हणाला, "गेला. ठिवून घेतला त्यांनी." बिरूआण्णा फरशीकडे पाहत राहिले.

मग तो फरशीवरून परत येताना दिसला. टाकीच्या भोवतीनं, टपावर, जागा मिळेल तिथे बाया बसल्या होत्या. तुळसाआत्याची सगळी टोळी. हातात फावडी, पाट्या, घमेली, दोर. ट्रक विहिरीशी थांबला आणि तुळसाआत्या खाली उतरली.

बिरूआण्णा म्हणाले, "आगं तुळसा, टाकी मोकळी धाडायची सोडून ही बायांची खेप कशापाय आनलीस?"

"आवं आण्णा, शेजारनं भरून आलेलं भांडं मोकळं परत देत्यात व्हय? काईतरी घालून द्यावं लागतं. आमच्या घरांत आत्ता घालण्याजोगं काय बी न्हाई. हात तेवडं हाईत, ते घालून आनलं." आणि ती विहिरीत डोकावली. "हिरीत गाळ हाय म्हनत व्हता ना वरसेर?"

तिनं पदर खोचला आणि ती पायऱ्या उतरू लागली. तिच्या मागून तिची टोळी. ढवळगावच्या बाया क्षणभर काठावर उभ्या राहिल्या, मग त्यांतली कुरणवाल्याची बायको आधी उतरली. पायऱ्यांवर वरपासून खालपर्यंत बायांची एक रांग लागली आणि गाळाची घमेली हातोहात वर येऊ लागली. थोड्या वेळात सगळ्यांची लुगडी गाळानं एका रंगाची झाली. मी काठावरून पाहत होतो. कोण इंग्रजीतली आणि कोण संस्थानातली, हे मला ओळखता येईना, आणि ओळखायचा मी प्रयत्नही सोडून दिला.

खालून तुळसाआत्याचा आवाज आला, "आवं वरसेर, नुसतं बगत काय हुबं ऱ्हायलाय? दोर धरा की!"

मी टोपी काढून बिरूआण्णांच्या हातात दिली आणि दोर धरला.